घोड्याचं पोट बिघडतं तेव्हा: वैरण, चंदी आणि डब्यातल्या पावडरी

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात, सौदे होतात आणि विकत घेतलेला घोडा टेम्पोतून रात्रभर प्रवास करून सोलापूर, सांगली नाहीतर पुण्याकडच्या नव्या दावणीला बांधला जातो. नवा मालक हौशी असतो. घोडा दमलाय म्हणून पहिल्याच दिवशी भिजवलेले हरभरे, बाजरी, गूळ, हिरवागार लसूणघास असं सगळं पुढ्यात येतं. दोन-तीन दिवसांत लीद पातळ होते. मग कुणी ताक पाजायला सांगतं, कुणी माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या सुचवतं, कुणी प्रोबायोटिकच्या महागड्या बरणीचा फोटो पाठवतं. हा घोडा गेल्या आठवड्यापर्यंत काय खात होता, हे मात्र सौदा करताना कुणी विचारलेलं नसतं.

माझ्या मते घोड्याच्या हगवणीत पहिली चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. औषध आणि पूरक खाद्य यांची पाळी नंतर येते. असं का, हे समजायला त्याच्या पोटाची रचना थोडी बघावी लागेल.

घोडा गवत खातो, पण रवंथ करत नाही. गाय-म्हशीचा चारा पुढच्या मोठ्या कप्प्यात आंबतो. घोड्याचा मागे, मोठ्या आतड्यात. त्याचं जठर अंगाच्या मानाने फारच लहान, ८ ते १५ लिटरचं. पुढे लहान आतडं सुमारे २० मीटर लांब, पण खाल्लेलं तिथून भराभर पुढे सरकतं. मग येतं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, ज्यात ३० लिटरच्या आसपास मावतं, आणि त्यानंतर त्याच्या दुपटीहून मोठं बृहदांत्र. पचनसंस्थेच्या एकूण आकारमानातला निम्म्याहून बराच जास्त हिस्सा हा मागचा. तिथे जिवाणू, एकपेशीय जीव आणि बुरशी यांची वस्ती असते. वैरणीतला तंतू घोड्याला स्वतःला पचवता येत नाही. तो हे जीव आंबवतात, त्यातून सौम्य आम्लं तयार होतात आणि ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाऊन घोड्याला ताकद देतात.

ज्यांनी गोबरगॅसची टाकी चालवली आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. टाकीला रोज शेण घाला, ती बिनबोभाट चालते. एके दिवशी त्यात पाटीभर पीठ ओता, आतलं मिश्रण आंबट होतं, गॅस बंद पडतो आणि टाकी रुळावर यायला कित्येक दिवस लागतात. घोड्याच्या मागच्या आतड्यात हेच घडतं. धान्यातला स्टार्च खरं तर लहान आतड्यात पचायचा असतो. एका वेळी जास्त चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, पडली की उरलेला स्टार्च न पचता मागे वाहत जातो. तिथे त्याच्यावर जगणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, लॅक्टिक आम्ल साठतं, आम्लता वाढते आणि तंतू आंबवणारे जीव मरू लागतात. मेलेल्या जिवाणूंमधली विषारी द्रव्यं रक्तात शिरतात. मग पातळ लीद, पोटशूळ, आणि काही घोड्यांत लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची सूज. पोटाचा आजार खुरांवर उतरतो तो असा, आणि हगवण थांबली तरी खुरांचं नुकसान राहून जाऊ शकतं.

मोठ्या आतड्याचं दुसरं काम पाणी परत खेचण्याचं. साडेचारशे किलोच्या घोड्याचं मोठं आतडं दिवसभरात सुमारे १०० लिटर द्रव परत शोषून घेतं. वयाने मोठ्या घोड्याची हगवण म्हणजे बहुतेक वेळा याच आतड्याला सूज. तिथलं शोषण बिघडलं की घोडा काही तासांत कोरडा पडू शकतो. माणसाच्या मुलाला दोन दिवस जुलाब झाले तर आपण घरी ओआरएस देत थांबतो. घोड्याच्या बाबतीत तेवढी सवड मिळेलच असं नाही.

आधी घोडा बघा

लिदीपेक्षा घोड्याची स्थिती महत्त्वाची. खुटखुटीत आहे, वैरणीवर तुटून पडतोय, पाणी पितोय आणि लीद फक्त शेणासारखी सैल झालीय, असं असेल तर एक-दोन दिवस आहार बदलून बघायला हरकत नाही. पण थर्मामीटर लावल्याशिवाय हे ठरवू नका. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. नाडी जबड्याच्या खालच्या कडेवर बोटं ठेवली की लागते. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. ती ६० च्या वर गेली असेल तर वाट बघू नका.

मग वरचा ओठ उचला. हिरडी ओलसर, फिकट गुलाबी असली पाहिजे. अंगठ्याने दाबा, पांढरा ठसा उमटेल, तो दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी कोरडी, चिकट, लालभडक किंवा जांभळट दिसत असेल, ठसा रेंगाळत असेल, तर शरीरातलं पाणी आणि रक्ताभिसरण दोन्ही घसरत चाललंय. शेवटी चारही खुरांना हात लावून बघा: गरम लागतात का, घोडा पाय बदलत उभा राहतो का.

ताप, न खाणं, पोटाकडे वळून बघणं, लोळणं, पाण्यासारखी पिचकारी, रक्त, बिघडलेल्या हिरड्या, गरम खूर: यातलं काहीही असेल तर पशुवैद्य त्याच दिवशी हवा, शक्य तर त्याच तासात. तिथे सलाईन लागतं, तेही बाटलीभर नव्हे, अनेक लिटर. ताप आणि हगवण एकत्र असेल तर साल्मोनेलाचा संशय धरून घोडा वेगळा बांधा. बादली, खोरं, झाडू वेगळे ठेवा, हात साबणाने धुवा. हा जंतू माणसांनाही लागतो. प्रवास, गर्दी आणि आहारातला बदल एकत्र आले की त्याला फावतं, आणि यात्रेहून आलेल्या घोड्याच्या नशिबी हे तिन्ही असतात.

पुढ्यात काय टाकायचं

घोडा खुटखुटीत असेल तर पहिलं काम म्हणजे चंदी, गूळ, कोंडा, हिरवं गवत, सगळं बंद. उपाशी मात्र ठेवायचं नाही. मागच्या आतड्यातल्या जिवांना तंतू हवा आणि तो वाळलेल्या वैरणीतून येतो. शिवाय घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं आणि लाळ फक्त चावताना सुटते. रिकामं पोट म्हणजे जठरात व्रण पडायला आमंत्रण. वाळलेलं मारवेल किंवा पवना मिळालं तर उत्तम. कुसळं धरल्यावर कापलेलं कुसळी गवत टाळा, तोंडात जखमा होतात. कडबा द्यायचा तर बुरशीचा वास नसलेला, आणि कुट्टी अगदी भुग्यासारखी बारीक नको. यात्रेतून घोडा आणताना जुन्या मालकाकडून त्याच्याच वैरणीची दोन-चार पोती मागून घ्यावीत. सौद्यात एवढं कुणी नाही म्हणत नाही, आणि पुढचे आठ-दहा दिवस जुनी-नवी वैरण मिसळून देता येते. फक्त चंदीच नव्हे, वैरणीचा प्रकार अचानक बदलला तरी पोटशूळाचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसलं आहे.

किती द्यायचं हे अंदाजाने नको. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोमध्ये वजन. घेर १६० आणि लांबी १४५ आली तर घोडा सुमारे ३१२ किलोचा. त्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडं खाद्य लागतं, म्हणजे वाळलेली वैरण साधारण सव्वापाच ते सात किलो, दिवसभरात विभागून, रात्रीही थोडी.

पाण्याच्या दोन बादल्या ठेवा. एकीत साधं पाणी, दुसरीत १० लिटरला ६० ते ९० ग्रॅम मीठ विरघळवलेलं. घोडा बहुधा आपल्या गरजेप्रमाणे निवडतो. साधं पाणी काढून घेऊन फक्त मिठाचं ठेवू नका. तो पिणंच सोडेल. आणि आजारी घोड्याला तोंडात बाटली कोंबून पाजू नका, पाणी फुप्फुसात जातं. पोटात द्रव पोचवायचाच असेल तर पशुवैद्य नाकातून नळी घालतो. ती नळी जठरातून द्रव बाहेर काढायलाही लागते, कारण घोड्याला उलटी होत नाही.

जून-जुलैत, पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर घोडे सोडले की लीद सैल होते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी होतं, कारण तोवर वाळलेलं गवत संपलेलं असतं. चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेल्या पत्रात दाणा-वैरण पावसाळाभर पुरेल अशी जपून वापरा, नाहीतर घोडी मरतील, अशी ताकीद आहे. ती आजही लागू आहे: पावसाच्या पहिल्या महिन्यापुरतं तरी कोरडं गवत झाकून ठेवा, सकाळी ते पोटभर देऊन मगच घोडा अर्धा तास हिरव्यावर सोडा आणि वेळ हळूहळू वाढवा.

वाळूची परीक्षा

रेताड मुलखातून आलेला, किंवा जमिनीवर टाकलेली वैरण खाणारा घोडा घासागणिक थोडी माती-वाळू गिळतो. ती जड असल्याने मोठ्या आतड्याच्या तळाशी बसते, अस्तराला घासते, आणि आठवडेच्या आठवडे येणारी-जाणारी पातळ लीद व अधूनमधून पोटशूळ असा प्रकार सुरू होतो. तपासायला सोपं आहे. ताज्या लिदीच्या ढिगाच्या वरच्या भागातून, जमिनीला न लागलेली, पाच-सहा गोळे लीद घ्या. पारदर्शक बरणीत पाण्यात कालवा आणि पंधरा-वीस मिनिटं हलवू नका. तंतू वर तरंगतो, वाळू तळाशी बसते. बोटाच्या चिमटीत घेतली की कचकच लागते. चमचाभर वाळू दिसली तर आत बरीच असणार. मात्र तळ स्वच्छ दिसला म्हणून आत वाळू नाहीच असं धरू नका, कधी ती सुटतच नसते.

इथे एक पूरक खरोखर कामाचं ठरतं आणि ते आपल्या घरचंच आहे: इसबगोल. जगातलं बहुतेक इसबगोल गुजरात-राजस्थानात पिकतं, उंझ्याच्या बाजारातून सगळीकडे जातं, आणि परदेशातले घोडेवाले तेच रंगीत डब्यात विकत घेतात. पाण्यात फुगून ते बुळबुळीत होतं आणि वाळू पुढे सरकायला मदत करतं. पण नुसतं खाद्यातून दिलेलं इसबगोल आणि नळीने दिलेलं इसबगोल यांत फरक आहे. ज्या प्रयोगांत वाळू चांगली निघाली, तिथे घोड्याच्या वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम इसबगोल आणि तितकंच मॅग्नेशियम सल्फेट नळीने काही दिवस दिलं होतं. मॅग्नेशियम सल्फेट आतड्यात पाणी ओढतं, त्यामुळे आधीच कोरड्या पडलेल्या घोड्याला ते घरी देणं म्हणजे आगीत तेल. खाद्यातून द्यायचं तर आधी भिजवून लगदा करू नका, घोडा तोंड फिरवतो. किंचित ओलसर वैरणीत कोरडंच मिसळा आणि लगेच पुढे करा. वर्षभर रोज देत नाहीत, कारण मागचे जीव त्यालाही आंबवू लागतात. आणि वैरण तोबऱ्यात, गव्हाणीत किंवा रबराच्या टपात देणं हा खरा इलाज. त्याचा खर्च एकदाच होतो.

बाकीच्या बरण्या

जिवंत यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, तंतूचं पचन थोडं सुधारतं. रोज बरीच चंदी खाणाऱ्या शर्यतीच्या घोड्याला त्याचा उपयोग होऊ शकतो. त्याचाच भाऊबंद बुलार्डी एका छोट्या अभ्यासात हगवणीचे दिवस कमी करताना दिसला, दुसऱ्यात फरक दिसला नाही. प्रोबायोटिक जिवाणूंबाबत मी जास्त सावध आहे. नवजात शिंगरांना हगवण होऊ नये म्हणून दिलेल्या एका लॅक्टोबॅसिलसच्या प्रयोगात, ज्यांना ते दिलं त्यांच्यातच हगवण जास्त झाली. ‘फायदा नाही तर नुकसान तरी काय’ हे इथे चालत नाही.

ताकाचंही तसंच. वाटीभराने काही बिघडत नाही, काही सुधारतही नाही. दह्यातले जिवाणू घोड्याच्या आतड्यात घर करणारे नव्हेत. शिंगरूपण सरलं की दुधातली साखर पचवायची ताकद कमी होते, त्यामुळे बादलीभर ताकाने लीद आणखी सैल होऊ शकते. गव्हाचा कोंडा हा पोटाला हलका, हा समज तर जगभर आहे. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. रोज भरपूर दिला तर हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं आणि चेहऱ्याची हाडं सुजतात. आठवड्यातून एकदाच दिला तर तो आतड्यातल्या जिवांच्या दृष्टीने दर आठवड्याचा अचानक बदल. स्मेक्टाइट नावाची शुद्ध केलेली चिकणमाती काही जिवाणूंची विषं शोषते आणि पशुवैद्य ती वापरतात, पण ती सोबतची औषधंही शोषू शकते, म्हणून वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. घरातली मुलतानी माती त्याची जागा घेत नाही.

काही गोष्टी मात्र घोड्याच्या जवळही येऊ देऊ नयेत. लोपेरामाइडसारख्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आतड्याची हालचाल रोखतात आणि विष आतच कोंडतं. कोंबड्यांच्या किंवा गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. घोड्याला त्याची अगदी थोडी मात्राही हृदय निकामी करून मारते. लिंकोमायसिन हे डुकरं-कोंबड्यांना चालणारं प्रतिजैविक मोठ्या घोड्यात जीवघेणी हगवण लावतं. आणि विषय निघालाच आहे तर, गोचिडांवर गुरांना लावतात ते अमिट्राझ घोड्याचं आतडं बंद पाडतं. ज्या गोठ्यात गाई आणि घोडा शेजारी बांधलेले असतात तिथे औषधांचं कपाट तरी वेगळं हवं.

पातळ लीद महिनोन्‌महिने चालली, घोडा हडकला, तर जंतांचा विचार करा. लहान स्ट्रॉंगाइल जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत दडून बसतात आणि एकदम बाहेर पडतात तेव्हा तीव्र हगवण लागते. त्या वेळी लिदीच्या तपासणीत अंडी एकही न सापडणं शक्य असतं. जंताचं जुनंच औषध पुन्हापुन्हा देऊन अनेक ठिकाणी ते निरुपयोगी झालेलं आहे, म्हणून कोणतं द्यायचं ते पशुवैद्याला ठरवू द्या. दुसरा एक प्रकार लंगडणाऱ्या घोड्यांचा. लग्नसराईत वराती ओढायच्या म्हणून फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक दिवसेंदिवस दिलं जातं, आणि त्याने मोठ्या आतड्याच्या एका भागाला व्रण पडतात. लीद सैल, पोटाखाली सूज. इथे वरचा सगळा सल्ला उलटा होतो: लांब, भरड वैरण काही काळ कमी करून बारीक गोळीचं खाद्य थोडं थोडं अनेक वेळा द्यावं लागतं. अर्थात औषध आधी बंद.

शिंगरांचं गणित निराळं. पाच ते चौदा दिवसांच्या शिंगराला बहुतेक वेळा हलकी हगवण लागते. घोडी त्याच सुमाराला माजावर येते म्हणून तिच्या दुधाला दोष देतात, पण कारण शिंगराच्या आतड्यात नव्या जिवांची वस्ती बसणं हे आहे. ते आईची लीद चाटताना दिसलं तरी हाकलू नका, त्यातूनच ही वस्ती येते. शिंगरू उड्या मारतंय, लुचतंय, तर फक्त मागची बाजू कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावा, नाहीतर केस गळून कातडी सोलवटते. पण लुचायचं थांबलं, घोडीचा सड दुधाने तट्ट फुगला, की उद्यावर ढकलू नका. एवढ्या जिवात साठवण काहीच नसते.

घोडा सुधारला, चार-पाच दिवस लीद गोळ्यांची पडली, की चंदी परत सुरू करता येते. मूठभरापासून, दोन आठवड्यांत पूर्ण मापावर. माप ठरवताना एक हिशेब धरा: एका वेळच्या चंदीत वजनाच्या किलोमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नको. आपल्या ३१२ किलोच्या घोड्याला ओट द्यायचे तर एका वेळी पाऊण किलोच्या आसपास, कारण त्यात सुमारे ४० टक्के स्टार्च असतो. हरभऱ्याचंही साधारण तेवढंच. जव अर्धा किलोच्या थोडे वर, मका तर ४५० ग्रॅमच्याही आत. त्यातही कच्च्या मक्याचा आणि जवाचा स्टार्च लहान आतड्यात नीट पचत नाही, ओटचा पचतो. वाढवताना मध्येच लीद सैल झाली तर दोन पायऱ्या मागे या. आणि रविवारी मुलांना बसवून गावाभोवती एक फेरी, एवढंच काम असलेल्या घोड्याला चांगल्या वैरणीवर मीठ आणि खनिज मिश्रण दिलं की चंदी बहुतेक वेळा लागतच नाही.